ठासणीच्या टप्प्यात, पण बंदुकीशिवाय

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दर सप्टेंबरला एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीचा एक छोटा हंगाम असतो आणि त्यात फक्त ठासणीची बंदूक चालते. परवाना सोडतीत निघतो, रान सरकारी असतं आणि बार एकच. नळीत दारू ठासायची, वर गोळी ठासायची, मग झाडायची. दुसरा बार भरेपर्यंत जनावर डोंगरापलीकडे गेलेलं असतं. म्हणून हा शिकारी अगदी जवळ पोचल्याशिवाय चाप ओढत नाही. त्याची वर्षभराची तयारी एकाच प्रश्नाभोवती फिरते: जनावराला पत्ता न लागता त्याच्या जवळ जायचं कसं?

आपल्याकडे शिकार कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. पण जवळ जाण्याची ही विद्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला शिकता येते. त्यासाठी लागणारं मोठं हरीणही आपल्या सह्याद्रीत आहे: सांबर. एकोणिसाव्या शतकात लंकेत शिकारी करणारे सॅम्युअल बेकरसारखे इंग्रज सांबरालाच ‘एल्क’ म्हणत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरमध्ये या भागातल्या जंगली जनावरांत वाघाबरोबर सांबराचीही नोंद आहे. वाघ गेला. सांबर कमी झालं, पण आहे. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर भरतो, आणि तरीही तो वीस पावलांवरून निघून गेला तर पान वाजत नाही.

अशा जनावराला पाहण्याचा बेत आखायचा तर सुट्टीचं कॅलेंडर बाजूला ठेवा. पाणी कुठे उरलंय आणि वारा कुठून वाहतोय, या दोन गोष्टी ठरल्या की जागा, तारीख, वेळ आणि सामान आपोआप ठरत जातं.

आधी कायदा

१९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीची व्याख्या बरीच रुंद आहे. मारणं आणि पकडणं तर त्यात आहेच. फास लावणं, हाका करून जनावर उठवणं, आमिष दाखवणं, आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. म्हणजे फोटोसाठी पाणवठ्यावर मीठ टाकून ठेवलं किंवा झुडपात दगड भिरकावून सांबर उठवलं, तरी तुम्ही कॅमेरा घेतलेले शिकारी ठरू शकता. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

अभयारण्यात जायला परवानगी लागते. ती अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा कारणांसाठी मिळते. शस्त्र नेता येत नाही, आणि कायद्याच्या शस्त्रांच्या यादीत सुऱ्याही येतात. तेव्हा ट्रेकच्या दुकानातला तो मोठा चाकू घरीच ठेवा. चूल पेटवायचा विचारही नको. उन्हाळ्यात सागाच्या वाळक्या पाल्यावर एक ठिणगी पुरते.

ठासणीची बंदूक आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पण तो परवाना शेत राखण्याचा आहे, रानात जनावर मारण्याचा नाही. ‘गावात ओळख आहे, रात्री एक चक्कर मारू, दादांकडे बंदूक आहे’ असं आमंत्रण कुणी दिलं तर तिथूनच परत फिरा. २०२५च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीने सावजाच्या भ्रमात आपल्याच माणसाला गोळी घातली होती. अंधारात विनापरवाना फिरणाऱ्याला हा धोका बिबट्यापेक्षा मोठा आहे.

रान कुणाचं?

सरकारी रान म्हणजे कुणीही कुठेही घुसावं असं नसतं. ठाणे जिल्ह्यात अभयारण्यं आहेत, १९२७च्या वन कायद्याखालची राखीव वनं आहेत, १९७५च्या कायद्याने सरकारकडे आलेली खासगी वनं आहेत, आणि २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळालेली जंगलंही आहेत. राखीव वनात विनापरवाना शिरणं हाही गुन्हा आहे. त्यामुळे जागा मनात आली की पहिला प्रश्न विचारा: हे कुठल्या बीटात येतं? बीट कळलं की वनरक्षक कळतो, त्याच्यावरचा वनपाल कळतो आणि परवानगीचा अर्ज ज्यांच्या टेबलावर जायचा ते वनपरिक्षेत्र अधिकारी कळतात. सामूहिक वनहक्काचं रान असेल तर गावात जाऊन ग्रामसभेच्या माणसांशी बोला. परवानगीचा कागद खिशात असू दे, पण वाडीवरच्या माणसांना आपण कोण, कशाला आलो, हे तोंडानेही सांगा. रात्री अनोळखी बॅटरी हलताना दिसली की गाव जागं होतं, आणि ते व्हायलाच हवं.

कुठे जायचं?

शिकायला सुरुवात येऊरपासून करा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं आहे आणि येऊर हा त्याचा ठाण्याकडचा भाग. ठाणे स्टेशनहून येऊरला बस जाते. इथे सांबर, चितळ, भेकर आणि बिबट्या आहेत. परवानगी असलेल्या वाटेवर सकाळी गेलात तर जनावर दिसो न दिसो, माग वाचायचा सराव होतो.

दुसरा टप्पा तानसा अभयारण्य. १९७० साली जाहीर झालेलं हे अभयारण्य तीनशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. मधोमध मुंबईला १८९२पासून पाणी देणारा तलाव आहे. कल्याण-डोंबिवलीकरांना हे रान कसारा लोकलच्या खिडकीतून दिसतं; आसनगाव, आटगाव आणि खर्डी ही त्याची दारं. इथे सांबराची भेट होईलच असं नाही. भेकर, रानडुक्कर, ससा आणि रातवा यांची शक्यता जास्त. २०१४ साली दुर्मीळ वनपिंगळा याच रानात आढळला आणि देशभरच्या पक्षीनिरीक्षकांनी खर्डी गाठली. तानशाला जाताना ‘सांबरच हवं’ हा हट्ट सोडून निघालात तर रात्र फुकट जात नाही.

तिसरा टप्पा दूरचा आणि पायांचा: भीमाशंकर. १९८५ साली जाहीर झालेलं हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य शेकरूसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच्या दाट उतारांवर सांबर आणि भेकरही आहेत. कोकणाच्या बाजूने जायचं तर कर्जत किंवा नेरळहून खांडस, आणि तिथून गणेश घाटाची वाट. शिडी घाट नवख्यांनी ओझं घेऊन चढू नये. इथला बेत दोन दिवसांचा धरा, आणि वाट माहीत असलेला स्थानिक माणूस रोजावर सोबत घ्या. त्याचा रोज आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. ठाकूर किंवा महादेव कोळी वाडीवरचा अनुभवी माणूस सोबत असला तर तुमची निम्मी पाहणी तोच करून देतो.

कधी जायचं?

पावसाळ्यात पाणी सगळीकडे असतं, म्हणून जनावर कुठेही असतं. गवत उंच, ओढे भरलेले, माग पुसलेले. तो काळ सोडा. नोव्हेंबर ते जानेवारी हा सांबराच्या माजाचा काळ. नरांची शिंगं पक्की झालेली असतात, झाडांच्या साली घासून निघालेल्या दिसतात, चिखलात लोळल्याच्या खुणा मिळतात. या दिवसांत पहाटे चालावं.

बसून पाहायचं असेल तर मार्च ते मे. ओढे आटतात, मोजके डोह आणि वनखात्याची तळी उरतात, आणि जनावराला तिथे यावंच लागतं. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून रात्रभराची नोंद ठेवतं ती म्हणूनच. पूर्वी हीच प्राणीगणना मानली जायची. आता गणनेचं काम बरंचसं कॅमेरा ट्रॅपकडे गेलं आणि या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतात. सामान्य माणसाला अभयारण्यात कायदेशीर रात्र काढायची ही सर्वांत सोपी संधी आहे. काही ठिकाणी, काही वर्षी, फक्त कर्मचारी आणि स्वयंसेवकांनाच बसवतात. त्यामुळे किमान महिनाभर आधी त्या त्या परिक्षेत्राच्या कार्यालयात चौकशी करा. मचाणं मोजकी असतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. उन्हाळ्यात नरांची शिंगं झडतात आणि नवी फुटू लागतात. मे महिन्यात बिनशिंगाचं मोठं सांबर दिसलं की वहीत लगेच ‘मादी’ लिहू नका. मानेवर दाट, राठ आयाळ असेल तर तो नर.

पाणी वाचणं

मचाणावर बसण्याआधी निदान एकदा दिवसाउजेडी पाहणी करा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,०००चा नकाशा घ्या. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावर ओढे, तळी आणि वाड्या खुणा करून ठेवा, मग वनरक्षकाला विचारा, यांतल्या कुठल्या जागी आज पाणी आहे. नकाशावरची निळी रेघ एप्रिलमध्ये बहुधा कोरडी असते.

पाण्याच्या काठचा ओला चिखल हे तुमचं हजेरीपत्रक. सांबराच्या खुराचे दोन भाग लांबट आणि पुढे निमुळते, चितळाच्या खुरापेक्षा ठळक मोठे. गाईबैलाचा खूर रुंद आणि गोलसर. बिबट्याच्या ठशात चार बोटं आणि मागे गादी उमटते, नखं उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखांची टोकं दिसतात. ठशाच्या कडा धारदार असतील तर तो ताजा. कडा ढासळल्या असतील, वर पाला किंवा किड्याची वाट असेल तर जुना. पाण्याकडे येणाऱ्या वाटा मोजा आणि त्यांतली सर्वांत दाट झाडीतून उतरणारी वाट ओळखा. सांबर उघड्यावरून सहसा येत नाही. झाडीच्या कडेला बराच वेळ उभं राहून अंदाज घेतं, मग पाण्याला तोंड लावतं.

गुराख्यालाही विचारा. गुरं या पाण्यावर कधी येतात, कुत्री सोबत असतात का, पहाटे मोहाची फुलं किंवा सरपण गोळा करायला माणसं कुठून जातात? माणसांचा वावर थांबतो तिथून जनावराची वेळ सुरू होते.

वारा वाचणं

सांबराची नजर आपल्याला वाटते तेवढी तिखट नसते. न हलणारा माणूस त्याला बऱ्याचदा कळत नाही. नाक मात्र त्याला फसू देत नाही. म्हणून बसायची जागा पाण्यापासून किती दूर, यापेक्षा वाऱ्याच्या कुठल्या बाजूला, हे महत्त्वाचं. वारा जनावराकडून तुमच्याकडे यायला हवा.

डोंगरात वाऱ्याचा एक साधा नेम आहे. ऊन चढलं की तापलेली हवा उताराने वर सरकते. संध्याकाळी जमीन निवली की थंड हवा घळीतून खाली उतरते. म्हणजे दुपारी बरोबर असलेली जागा रात्री चुकीची ठरू शकते. पश्चिमेकडून येणारा समुद्राचा वारा दुपारनंतर ठाणे जिल्ह्यात आतपर्यंत जाणवतो आणि सूर्यास्तानंतर मंदावतो. त्या मधल्या तासाभरात वारा गोंधळतो, आणि सांबर पहिल्यांदा हलतं तेही याच सुमारास.

चिमूटभर बारीक राख एका छोट्या डबीत सोबत ठेवा. चिमूट हवेत सोडली की ती कुठे जाते ते पाहा. पाहणीच्या दिवशी दुपारी चार, सहा आणि शक्य असेल तर आठ वाजता हे करून वहीत नोंदवा. मचाण वनखात्याने बांधलेलं असेल तर जागा तुमच्या हातात नसते, पण कुठल्या बाजूने चढायचं आणि कुठल्या वाटेवरून चालायचं नाही, हे हातात असतं. ज्या वाटेने सांबर येणार ती चुकूनही तुडवू नका. तुमच्या पावलांचा वास तिथे बराच वेळ टिकतो.

मचाणावरची रात्र

दुपारी चारच्या आत वर बसा. चढण्याआधी शौच आणि लघवी उरकून घ्या, तीही पाणवठ्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. रात्रीसाठी रुंद तोंडाची घट्ट झाकणाची बाटली सोबत ठेवा. हा विषय बोलायला संकोच वाटतो, पण रात्री अकराला मचाणावरून उतरणारा माणूस स्वतःबरोबर इतरांचीही रात्र घालवतो, आणि बिबट्याच्या रानात ते धोक्याचंही आहे.

अत्तर, सुवासिक तेल, डासांची उदबत्ती आणि वासाचं मलम नको. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि डोक्यावरून घ्यायला पातळ ओढणी पुरते. जेवण वासाचं नको: लसणाची चटणी, तळलेले पदार्थ घरी ठेवा. दशम्या, गूळ, खजूर, भाजलेले चणे चालतात, पण ते कापडी पिशवीत ठेवा. वेफर्सच्या पुडीचा आवाज रात्री पाणवठ्याच्या पलीकडे जातो. खोकला येत असेल तर ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडात धरा. सर्दी-खोकला चढलेला असेल तर यंदा जाऊ नका.

मोबाइल बंद ठेवा. नुसता सायलेंट केलेला फोन चमकतो आणि चेहरा उजळतो. बॅटरीवर लाल कागद चिकटवा आणि ती फक्त वहीपुरती वापरा. दोघे असाल तर दोन-दोन तासांची पाळी लावा. चंद्र डोक्यावर आला की उघड्यावरची सावली नीट ओळखता येते. ८×४२ची दुर्बीण असेल तर मंद उजेडातही बरंच दिसतं; जास्त पटीची जड दुर्बीण हातात थरथरते आणि रात्री फारशी कामाची नसते.

नोंद अशी ठेवा: वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू, कुठून आला, कुठे गेला, किती वेळ थांबला. तोच कळप परत आला असं वाटलं तर तसं लिहा, संख्या वाढवू नका. वानराने ओरडून दिलेला इशारा कधी कधी खोटा निघतो, पण सांबर पुढचा पाय जमिनीवर आपटून शेपटी उभारतं आणि खणखणीत आवाजात पुन्हा पुन्हा ओरडतं तेव्हा बिबट्या जवळ असण्याची शक्यता बरीच मोठी असते. अशा वेळी दिशा आणि वेळ आधी लिहा, आणि मग गप्प बसा. पुढची पंधरा मिनिटं रात्रीतली सर्वांत मोलाची असू शकतात.

सामान आणि सावधगिरी

माणशी चार लिटर पाणी, क्षार-साखरेची पाकिटं, टोपी, घोट्याच्या वर येणारे बूट, फिकट खाकी किंवा मळकट हिरवे कपडे, सामान वर ओढून घ्यायला दहा मीटर दोरी, अंथरायला घडीची सतरंजी, वही आणि दोन पेन्सिली. पेनची शाई ऐन वेळी दगा देते. लष्करी छापाचे कपडे टाळा. जंगलात ते घालून फिरणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं.

मे महिन्यात शहापूर-मुरबाडच्या बाजूला पारा चाळिशीला टेकतो. पाहणीची पायपीट सकाळी अकराच्या आत संपवा; वाऱ्याच्या नोंदी चारनंतर घ्या. डोकं जड झालं, मळमळ आली, घाम थांबला तर सावलीत बसा, अंग ओलं करा आणि परत फिरा. साप चावला तर पट्टी आवळणं, चिरणं, चोखणं यांपैकी काहीही करू नका. अवयव स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि थेट सरकारी रुग्णालयात न्या. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चौघेही या भागात आहेत, आणि रात्री चालताना पायापुढे उजेड टाकणं हाच त्यावरचा पहिला उपाय. कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं; तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा अजिबात नको. रानात तारेचा फास दिसला तर हात लावू नका. जागा नोंदवून वनरक्षकाला किंवा ‘हॅलो फॉरेस्ट’च्या १९२६ या क्रमांकावर कळवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२.

रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. म्हणून निघण्याआधी घरी एक कागद ठेवा: कुठल्या बीटात जाणार, सोबत कोण, वनरक्षकाचा क्रमांक, परत कधी येणार, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी कुणाला फोन करायचा. कसाऱ्याची शेवटची लोकल गाठायच्या घाईत रानातून धावत निघू नका; परतीची जीप आधीच ठरवा किंवा वाडीत मुक्काम करा.

आखणीचं वेळापत्रक

दिवाळीनंतर येऊरच्या दोन-तीन सकाळच्या फेऱ्या करा आणि खूर ओळखायला शिका. जानेवारीत नकाशा आणा, आणि व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचून ठेवा. एका जागी थांबून रान पाहायचं म्हणजे काय, ते त्यातून कळतं. फेब्रुवारीत वनरक्षकाची गाठ घ्या. मार्चमध्ये पाणवठ्याची पाहणी आणि वाऱ्याची नोंद. एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज. वैशाखात मचाण.

परतल्यावर नोंदीची प्रत वनखात्याला द्या. ‘काहीही दिसलं नाही’ हीसुद्धा नोंदच आहे आणि तीही प्रामाणिकपणे लिहा. अभ्यासाच्या दृष्टीने तिची किंमत कमी नसते. सांबराचा किंवा वनपिंगळ्याचा फोटो टाकताना नेमकी जागा टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतात. आणि पहिल्या रात्री सांबर आलं नाही म्हणून लगेच दुसरं रान शोधायला निघू नका. वहीतली वाऱ्याची पानं उघडा, त्या रात्री तुमचा वास कुठे जात होता ते पाहा, आणि पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर दुसऱ्या बाजूचं मचाण मागा.